‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर

नमस्कार. थायरॉइड आणि प्रदूषणावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘बाई, तुम्ही डॉक्टर नाही. थायरॉइड आनुवंशिक असतो. प्लास्टिकच्या डब्यांचं तर नुसतं खूळ आहे. घरोघरी आयोडीनचं मीठ आहे, पाण्यातल्या चिमूटभर रसायनाने काय होणार? लोकांना घाबरवायचा धंदा बंद करा.’

‘बाई’ चालेल. ‘धंदा’ कशावरून? या ब्लॉगवर एक जाहिरात दाखवा. सदाशिव पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. पिवळ्या बुचाच्या नळ्या सेंट्रिफ्यूजमधून काढायच्या, वरचं सीरम घ्यायचं, टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, लावायचं. रिपोर्ट हातात घेऊन काउंटरवरच रडू फुटलेल्या पोरी मी पाहिल्यात. तुम्ही पाहिल्यात का? नसतील, तर जरा जपून बोलावं.

आता मिठाचं. आयोडीन पोटात गेलं की ग्रंथीच्या पेशीत पोचलंच, असं नसतं. थायरॉइडच्या पेशीच्या आवरणात एक प्रथिन असतं, ते रक्तातलं आयोडाइड, म्हणजे आयोडीनचं रक्तातलं रूप, सोडियमबरोबर आत ओढून घेतं. तुम्ही म्हणता त्या पाण्यातल्या रसायनांपैकी एक परक्लोरेट. ते आकाराने आयोडाइडच्या जवळपास, त्यामुळे ते त्याच दारात आडवं येतं, आणि या प्रथिनाला आयोडाइडपेक्षा घट्ट धरतं. नायट्रेटही हेच करतं, पण कमी जोराने. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात थायोसायनेट वाढतं, त्याचंही तेच. परक्लोरेट फटाक्यांत असतं, रॉकेटच्या इंधनात असतं. आणि 1950च्या दशकात अतिसक्रिय थायरॉइड आवरायला डॉक्टरच ते औषध म्हणून देत होते, तुम्हाला हवे तसे डिग्रीवाले डॉक्टर! ग्रंथीला लगाम घालणारं रसायन पाण्यात आलं की एकदम निरुपद्रवी कसं होतं?

औषधाचा डोस फार मोठा होता, पाण्यातलं प्रमाण त्यापुढे किरकोळ असतं. तेवढं तुमचं बरोबर. पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाची थायरॉइड हार्मोन बनवत नसते, ते सगळं आईकडून येतं. त्या बाईला आधीच आयोडीन कमी पडत असेल, तर तिच्यासाठी ‘चिमूटभर’ म्हणजे किती, हे तुम्ही ठरवणार का? धडधाकट माणसाने स्वतःच्या तब्येतीवरून निकाल द्यायचा आणि वर दुसऱ्याला गप्प बसवायचं, याचा मला संताप येतो.

आनुवंशिकतेचा वाटा असतो, मी तो कुठेही नाकारलेला नाही. डब्यांवरच्या टोमण्याला उत्तर देत नाही.

मुद्द्यावर लिहिलंत तर नक्की बोलू. पुन्हा ‘धंदा’ दिसला तर प्रतिक्रिया काढून टाकेन.