पट्टी वाचता येणारी पोरं

आधीच सांगतो, या वादात मी बाबलच्या बाजूचा आहे. प्रकाशला इथे झुकतं माप मिळणार नाही.

विषय शाळेचाच. नववी-दहावीला व्यवसाय आणि पैशाचं नियोजन शिकवायचं म्हणून पालकसभेत जो वाद झाला, तो देवगडजवळच्या आमच्या जामसंड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाक्यावरच्या कट्ट्यावर दुसरं काही निघणं शक्यच नव्हतं.

प्रकाश मुंबईहून परत आल्यापासून कट्ट्यावरही मोबाईल उताणा ठेवून बसतो. त्यावर हिरव्या-लाल काड्या नाचत असतात. तो म्हणाला, "आपल्याकडे पोरांचा माइंडसेटच नाही. सातवीपासून शेअर मार्केट शिकवा. चार्ट वाचायला शिकवा. नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे तयार करा. पॅसिव्ह इन्कम, बसल्या जागी येणारा पैसा, कळलं पाहिजे."

"आमच्या बागेत माकडांचा पॅसिव्ह इन्कम चालू आसा," बाबल म्हणाला. "आमी राखतंव, ती खातत."

दाजी मास्तरांनी गणित शिकवण्यात हयात घालवली. ते म्हणाले, "अरे, नवीन काही नाही त्यात. दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजनाचा धडा आहेच. जीएसटी आहे, शेअर्स आहेत, म्युच्युअल फंड आहे, एसआयपीसुद्धा आहे. नववीला आयकर आहे. मुलं चार मार्कांचं उदाहरण सोडवतात आणि पुढे जातात."

"तेच सांगतंय मी," बाबल सरसावून बसला. "माझा चेडू दहावीत. सीजीएसटी, एसजीएसटी फटाफट काढता. गेल्या मे महिन्यात वाशीसून पट्टी इली. तिका म्हटलंय, वाच. तिका वाचूकच येना. आंब्यार जीएसटी नाय, मगे ती वाचतली काय?"

ज्यांनी पट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, पट्टी म्हणजे माल विकून दलाल शेतकऱ्याला पाठवतो तो हिशोबाचा कागद. बाबलने खिशातून काढलेली ती पट्टी मी हातात घेऊन बघितली. २० पेट्या. १२ पेट्या १,८०० रुपयांनी, ५ पेट्या १,४०० नी, आणि ३ पेट्या डागी माल म्हणून ७०० नी. एकूण ३०,७००. त्यातून गाडीभाडं १,८००, हमाली-तोलाई ५००. आणि खाली एकच ओळ: उचल वजा १५,०००, म्हणजे दलालाकडून आधीच घेतलेले पैसे. हातात १३,४००. कागद वितीएवढा, पण आमच्या अर्ध्या तालुक्याचं वर्ष त्यात मावतं. फवारणी, राखणदार, पेटी, गवत, काढणीची मजुरी यातलं काहीच त्यात नाही. तो हिशोब शेतकऱ्याने घरी मांडायचा असतो. तो कुणी मांडत नाही.

"ह्या १५,००० वर व्याज किती लावलं?" मास्तरांनी चष्मा वर करून विचारलं.

"लावणा नाय. पावसात पैशे देता, बिनव्याजी. उपकारच म्हणायचो."

मास्तरांच्या आधी शालनवहिनी बोलल्या. दूध घ्यायला आल्या होत्या, पिशवी कट्ट्यावर ठेवून उभ्या राहिल्या होत्या. बचत गटाची वही त्या स्वतः लिहितात. "बाबल, व्याज पट्टीत नाय तर खंय आसा? दरात आसा. उचल घेतलंस म्हणजे माल त्याकाच घालूक होयो. दुसरो दोनशे जास्ती देय, तरी तुका जावक गावणा नाय. २० पेट्यांचे दोनशे-दोनशे किती झाले?"

"चार हजार," बाबल हळू आवाजात म्हणाला.

"ता व्याज. नाव फक्त लिवक नाय."

मी या वादाबद्दल लिहायला बसलो ते या एका वाक्यामुळे. शाळेत शिकवायचं असेल तर हे शिकवा. आमच्या पोरांच्या घरात पट्टी आहे, पतसंस्थेचं पासबुक आहे, सोनेतारणाची पावती आहे, गाडीच्या कर्जाचं पत्र आहे. हे कागद पत्र्याच्या पेटीत पडून असतात आणि घरात एकटा बाप सोडून कुणाला त्याचा अर्थ लागत नाही. पुष्कळदा बापालाही लागत नाही. मास्तर म्हणाले तेही खरं, की अडत, म्हणजे दलालाचं कमिशन, शेतकऱ्याकडून कापायची नाही असं सरकारने २०१६ साली ठरवलं, पण कुठल्या नावाखाली काय कापलंय हे बघायला आधी कागद वाचता यायला हवा.

मास्तरांनी मग गाडीच्या कर्जाचं उदाहरण घेतलं. ६०,००० रुपये, १२ टक्के फ्लॅट, तीन वर्षं. व्याज २१,६००. "मुद्दल दर महिन्याला उतरत जाते, पण व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण ६०,००० वर. उतरत्या शिलकीवर मांडलंत तर हाच दर २१ टक्क्यांच्या आसपास जातो. आमच्या पुस्तकातलं सरळव्याज पोरं बरोबर करतात, आणि शोरूममध्ये जाऊन १२ टक्क्यांवर सही करतात."

प्रकाशला हे सगळं फार बारीकसारीक वाटत होतं. "तुम्ही पोरांना कारकून करणार. मोठा विचार करा. मी रोज सकाळी सव्वानऊला..."

"शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचे आकडे वाचलेस का?" मास्तर म्हणाले. "२०२४ साली त्यांनीच सांगितलं. तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये, म्हणजे पुढच्या भावावरच्या सौद्यांत, उतरलेल्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात."

"मी उरलेल्या ७ टक्क्यांत आहे."

"मगे आजचो चाय तुझ्याकडे," बाबल म्हणाला. प्रकाशने मोबाईल पालथा घातला.

मास्तरांना तेवढ्यात संचयिका आठवली. पूर्वी शाळेत मुलांची बँक चालायची, मुलंच कारकून, मुलंच खजिनदार, आठवड्याला चार-आठ आणे जमा, पासबुकावर सही. "चांगली योजना होती रे."

"होती," वहिनी म्हणाल्या. "आमच्या वर्गाचो खजिनदार प्रकाश होतो. माझो सव्वा रुपयो अजून येवचो आसा."

यावर प्रकाशने दिलेलं स्पष्टीकरण लांबलचक होतं. त्यात पावसाने भिजलेली वही होती, बदलून गेलेले एक मास्तर होते, आणि सव्वा रुपया मात्र कुठेच नव्हता.

भाऊ इतका वेळ गप्प होते. भजनी मंडळाचे भाऊ. म्हणाले, "कोकणी माणसान धंद्यात पडूचा नाय. पोरां शिकान मुंबैक जातली, थंयसून पैशे धाडतली. आमच्या बापाशीन ताच केल्यान."

"आणि १९८२ च्या संपात?" बाबलचा आवाज चढला. "गिरण्यो बंद झाल्यो, मनीऑर्डर बंद झाली. माझ्या आजयेन तेवा काजी भाजून विकल्यान म्हणान आमी जगलंव. तिका धंदो कोणी शिकवलेलो?"

भाऊंकडे याला उत्तर नव्हतं. मला वाटतं, कुणाकडेच नसेल.

वहिनींनी शाळेतल्या बालबाजाराची गोष्ट काढली. त्यांच्या पुतणीने अमृत कोकम विकलं. ४० ग्लास, १० रुपयांनी. फळ्यावर लिहिलं, नफा ४०० रुपये. टाळ्या झाल्या. घरी वहिनींनी तिला वही घेऊन बसवलं. दोन बाटल्यांचे १८०, ग्लासांचे ६०, बर्फाचे ५०. उरले ११०. मग वहिनींनी विचारलं, मे महिन्यात रातांबे कोणी फोडले? उन्हात बरण्या कोणी ठेवल्या, कोणी काढल्या? "आवशीन," पोर म्हणाली. "तिची मजुरी लिव." पोरीने पेन हातात धरलं आणि लिहिलंच नाही. आईच्या दिवसाला किती लावायचे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मला तर वाटतं अख्ख्या अभ्यासक्रमाचा पहिला तास हाच असावा. बाहेरून येणारे पाहुणे पोरांना मोठमोठ्या उद्योगपतींची नावं सांगून जातील, पोरं टाळ्या वाजवतील. पण आईची मजुरी खर्चात धरणारी पोर आपल्या मालाचा भाव कधी पाडून देणार नाही. दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेत स्वतःचं खातं स्वतः चालवता येतं, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. मग त्या पासबुकावर वर्गात बोलायला हरकत कोणाची आहे?

मास्तरांनी मनावर घेतलं. "मी शाळेत विचारतो. शनिवारचा एक तास मागून घेतो. बाबल, तुझ्या जुन्या पट्ट्या दे. पाच-सहा वर्षांच्या असतील तर उत्तम. पोरं दर काढतील, खर्च लावतील, तुलना करतील."

बाबल एकदम थंडावला. "देतंय... पण नाव खोडून."

"बरं, खोड."

"आणि दर पण खोडूक होये."

"दर खोडलास तर पोरं वाचणार काय?"

बाबल इकडे-तिकडे बघायला लागला. वहिनींनी दुधाची पिशवी उचलली होती, ती परत खाली ठेवली. "खरा सांग. बायकोक काय दर सांगलंस तू?"

"माका... आठवणा नाय."

"अठराशेचे बाराशे सांगलंस ना? आणि चेडू तुझाच त्या वर्गात."

प्रकाश सगळ्यांत मोठ्याने हसला, संध्याकाळभराचं उट्टं काढत. भाऊंना ठसका लागला. मास्तर म्हणाले, पहिल्या तासाला बाबलचीच पट्टी घेऊ, आणि बाबल म्हणाला, त्यापेक्षा तुमी पोरांका शेअर मार्केटच शिकवा.