गाड्या हटल्या की किनारा सर्वांचा होतो? व्होलुशाचा अनुभव वेगळं सांगतो

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या व्होलुशा काउंटीबद्दल (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एक युक्तिवाद सतत फिरत असतो. डेटोना बीच, न्यू स्मर्ना बीच इथे लोक अजूनही वाळूवर गाड्या नेतात. ही धोकादायक, कासवांच्या मुळावर उठलेली हौस आहे, ती बंद केली की किनारा सर्वांसाठी मोकळा होईल. आणि 'मतदारांना विचारल्याशिवाय गाड्या बंद करू नका' म्हणणारे म्हणजे मूठभर गाडीवेडे, ज्यांना कोर्टानेही घरी पाठवलं. आपल्या मराठी मंडळींतही हे पुढे पाठवलं जातं. नागाव-काशीदला लाटांत रुतलेल्या गाड्यांचे व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला ते लगेच पटतं. पण यातला प्रत्येक मुद्दा एकतर अर्धवट आहे किंवा चुकीचा.

मूळ वाद असा. २०१५ मध्ये काउंटी कौन्सिलने डेटोना बीचवरच्या एका नियोजित हार्ड रॉक हॉटेलसाठी, ठरवलेल्या अटी पूर्ण झाल्यास त्याच्यासमोरच्या ४१० फूट किनाऱ्यावरून गाड्या हटवायचं मान्य केलं. त्यातून 'लेट व्होलुशा व्होट' ही मोहीम उभी राहिली. सह्या गोळा करून काउंटीच्या चार्टरमध्ये, म्हणजे तिच्या कारभाराच्या मूळ सनदेत, दुरुस्ती करायची आणि जिथे आज गाड्या जातात तिथून त्या हटवण्याआधी मतदारांची मंजुरी सक्तीची करायची, एवढीच तिची मागणी होती. नव्या जागी गाड्या न्या, असं कुणी म्हणत नव्हतं.

'गाड्या हटल्या की किनारा सर्वांचा होतो.'

हा सगळ्यात गोड वाटणारा आणि सगळ्यात फसवा मुद्दा. फ्लोरिडात भरतीच्या सरासरी रेषेखालची ओली वाळू जनतेची असते. तिच्या वरची कोरडी वाळू, जिथे माणूस छत्री रोवून बसतो, ती अनेक ठिकाणी मागच्या हॉटेलच्या किंवा बंगल्याच्या खरेदीखतात असते. तिथे लोक बसू शकतात ते वहिवाटीच्या हक्काने. १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मान्य केला, तोही डेटोना बीचच्याच टोना-रामा खटल्यात. पण त्यासाठी कसोटी लावली: वापर प्राचीन हवा, वाजवी हवा, अखंड हवा आणि वादातीत हवा. पुढे २००७ मध्ये न्यू स्मर्नाच्या एका खटल्यात अपील न्यायालयाने स्पष्ट केलं की खासगी वाळूवरून गाड्या नेण्याची वहिवाट नुसती गृहीत धरता येणार नाही, ती पुराव्यानिशी सिद्ध करावी लागेल. अखंड वापर हाच ज्या हक्काचा पाया, तिथे वापराला पाडलेला प्रत्येक खंड मालकाच्या बाजूचा पुरावा ठरू शकतो. म्हणूनच हॉटेलसमोरचे ४१० फूट ही लहान गोष्ट नाही.

गाड्या नसलेला किनारा आपोआप सर्वांचा होत नाही, हे बघायला फ्लोरिडाच्याच पॅनहँडल भागातल्या वॉल्टन काउंटीकडे बघावं. तिथे २०१८ च्या एका राज्य कायद्याने वहिवाट जाहीर करण्याचे काउंटीचे हात बांधले. त्यानंतर घरमालकांनी 'खासगी किनारा' अशा पाट्या लावल्या, पहारेकरी ठेवले आणि कोरड्या वाळूवर बसलेल्या लोकांना उठवलं. हा कायदा रद्द व्हायला २०२५ उजाडावं लागलं.

शिवाय लोक गाडी वाळूवर नेतात ती मिरवायला नव्हे, उभी करायला. राज्याने १९८५ मध्ये किनाऱ्यावरच्या वाहतुकीवर सरसकट बंदी घातली तेव्हा आधीपासून परवानगी असलेल्या ठिकाणांना सूट ठेवली. अट अशी की गर्दीच्या दिवसांत लागणाऱ्या पार्किंगपैकी निम्मंसुद्धा किनाऱ्याबाहेर उपलब्ध नाही, हे स्थानिक सरकारने ठरवलेलं असलं पाहिजे. म्हणजे वाळू हे तिथलं पार्किंग आहे, हे कायद्यानेच धरून चाललेलं आहे. ते काढून घेताना तेवढी जागा बाहेर, चालत जाण्याच्या अंतरावर दिलीत का, हा प्रश्न विचारणं म्हणजे गाडीवेड नव्हे.

'ही पैसेवाल्यांची हौस आहे.'

उलट आहे. ज्याचं समुद्राला लागून घर आहे किंवा ज्याला हॉटेलची खोली परवडते, त्याला गाडीची गरजच नाही. तो जिना उतरला की वाळूवर. गरज लागते ती डेल्टोना आणि डीलँडच्या माणसाला. डेल्टोना हे काउंटीतलं सर्वांत मोठं शहर आणि ते समुद्रापासून दूर, आतल्या बाजूला आहे. तिथून आजीला, तान्ह्या मुलाला, बर्फाच्या पेटीला आणि चाकाच्या खुर्चीला घेऊन निघालेल्या कुटुंबाला गाडीसकट वाळूवर उतरता आलं तरच दिवस घालवता येतो. अलीकडेपर्यंत काउंटीच्या रहिवाशांनाही गाडीमागे प्रवेशशुल्क होतं, त्याचं ओझं कमी असावं, असं मलाही वाटायचं. पण समुद्रासमोरच्या खोलीच्या भाड्याशी त्याची बरोबरी तेव्हाही होत नव्हती.

किनारा कुणाचा, हा प्रश्न या काउंटीत नवा नाही. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना डेटोनाच्या किनाऱ्यावर मज्जाव होता. म्हणून शिक्षणतज्ज्ञ मेरी मॅक्लिओड बेथ्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या दशकात न्यू स्मर्नाच्या दक्षिणेला किनाऱ्याची जमीन विकत घेतली. तो भाग आजही बेथ्यून बीच म्हणून ओळखला जातो. समुद्रावर जाण्यासाठी ज्यांना किनारा विकत घ्यावा लागला त्यांच्या गावात 'वाट बंद करण्याआधी आम्हाला विचारा' या मागणीला हौस म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

'गाड्या कासवांना मारतात.'

हा मुद्दा हलक्यात घेण्यासारखा नाही. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिलेल्याला तर नाहीच. चाकांच्या खोल चाकोरीत पिल्लू अडकतं, घरटं दबू शकतं, हे खरं. म्हणूनच १९९५ मध्ये इथे लॉगरहेड कासवाच्या नावाने खटला दाखल झाला आणि काउंटीला पूर्ण व्यवस्था बदलावी लागली. रात्री गाड्या बंद. वाळूच्या टेकड्यांलगतचा पट्टा खुंट रोवून राखीव. अंडी घालण्याच्या हंगामात, म्हणजे मे ते ऑक्टोबर, सकाळी घरट्यांची पाहणी झाल्याशिवाय फाटक उघडत नाही. सापडलेलं घरटं खुणा करून राखलं जातं आणि पिल्लं बाहेर पडायची वेळ आली की त्यासमोरच्या चाकोऱ्या सपाट केल्या जातात. संघराज्याच्या वन्यजीव खात्याने १९९६ मध्ये परवाना दिला तो अशा अटींवर.

त्या खटल्याचा दुसरा भाग मात्र पुढे पाठवल्या जाणाऱ्या मजकुरात कधीच नसतो. १९९८ मध्ये अकराव्या सर्किटच्या, म्हणजे संघराज्याच्या, अपील न्यायालयात मुख्य वाद होता तो किनाऱ्यालगतच्या दिव्यांचा. इमारतींच्या उजेडाने पिल्लं भरकटतात आणि समुद्राऐवजी रस्त्याकडे जातात. न्यायालयाने काउंटीविरुद्धचा हा मुद्दा चालवायला परवानगी दिली. दिवसा ताशी १० मैलांनी जाणारी गाडी नको आणि तिच्या जागी रात्रभर उजळलेलं बहुमजली हॉटेल चालेल, हा कासवांचा कळवळा नव्हे. कासवांसाठी गाड्या हटवा म्हणणाऱ्याने आधी त्या खिडक्यांकडे बघावं.

'लहान मुलं चिरडली जातात.'

२०१० मध्ये एकाच वर्षात चार-चार वर्षांची दोन मुलं या किनाऱ्यावर गाडीखाली गेली. यावर कुठलंही उत्तर पुरेसं नाही आणि मी ते देण्याचा आव आणत नाही. वेग ताशी १० मैल, चालकाची काच खाली, दिवे चालू, हे नियम आहेत. ते आणखी कडक करा, अरुंद पट्ट्यात भरतीला गाड्या सोडू नका, मुलं खेळतात तो भाग वेगळा आखा. अशी प्रत्येक मागणी रास्त आहे आणि मतदारांच्या मंजुरीची अट तिच्या आड येत नाही, कारण सुरक्षेसाठी तात्पुरता पट्टा बंद करणं वेगळं आणि हॉटेलसाठी कायमचा बंद करणं वेगळं. दुसरं असं की गाडी किनाऱ्याबाहेर लावायची म्हणजे बहुतेक ठिकाणी ए-वन-ए हा महामार्ग मुलांना हाताशी धरून ओलांडायचा. पादचाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या सर्वांत जीवघेण्या राज्यांत फ्लोरिडाचं नाव कायम असतं. जोखीम वाळूवरून डांबरावर ढकलणं ही सुरक्षा नव्हे.

ज्यांना गाड्यांशिवायचा समुद्र हवा त्यांना तो आजही आहे. काउंटीच्या ४७ मैलांच्या किनाऱ्यापैकी गाड्या जातात त्या सुमारे १७ मैलांवर.

'गाड्या गेल्या की विकास येतो.'

हा प्रयोग होऊन गेला आहे. डेटोनाच्या मेन स्ट्रीट पिअरजवळचा सुमारे मैलभर पट्टा दोन दशकांहून अधिक काळ गाड्यांविना आहे. तरीही २०१७ मध्ये स्थानिक वृत्तपत्राला किनारी भागाच्या दुरवस्थेवर मोठी लेखमाला चालवावी लागली आणि त्यानंतर पुनर्विकासासाठी समिती नेमावी लागली. मरगळीची कारणं अनेक असतील, पण वाळूवरची गाडी हे त्यातलं कारण असतं तर निदान त्या मैलभरात फरक दिसायला हवा होता. डेटोनाची ओळखच मुळी या घट्ट वाळूची आहे. १९०३ पासून इथे शर्यती झाल्या, १९३५ मध्ये माल्कम कॅम्पबेलने इथेच ताशी २७६ मैलांचा विक्रम केला आणि १९५९ मध्ये स्पीडवे, म्हणजे शर्यतींचा पक्का ट्रॅक, सुरू झाला तोवर स्टॉक कारच्या शर्यती वाळूवरूनही धावत होत्या.

'कोर्टानेच मागणी फेटाळली.'

फेटाळली, हे खरं. २०१६ मध्ये काउंटीने सह्यांची मोहीम चालू असतानाच स्वतःच्या नागरिकांविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि निकाल काउंटीच्या बाजूने लागला. पण निकाल कशावर होता? राज्याच्या कायद्याने किनाऱ्यावरच्या वाहतुकीचा अधिकार काउंटीच्या नियामक मंडळाला दिला आहे, तो चार्टर दुरुस्तीने मतदारांकडे वळवता येत नाही, यावर. गाड्या असाव्यात की नसाव्यात, किनारा कुणाचा, मतदारांना विचारणं गैर आहे का, यांपैकी कशावरही न्यायालयाने मोहिमेला चूक ठरवलेलं नाही. आणि लोकांचा पाठिंबा नव्हता म्हणावं, तर तो मतपेटीतून मोजायची संधीच मिळाली नाही. मूठभरांची मागणी होती, तर मतदान होऊ द्यायला हरकत काय होती?

निकालाने दोन वाटा मात्र उघड्या ठेवल्या. राज्याच्या कायद्यामुळे अडलं असेल तर तो कायदा राज्याची राजधानी टॅलाहासी इथल्या विधिमंडळात बदलता येतो. २०१८ चा वहिवाटीवरचा कायदा तिथेच झाला आणि तिथेच रद्द झाला. आणि अधिकार कौन्सिलचा असेल तर कौन्सिलच्या प्रत्येक उमेदवाराकडून निवडणुकीआधी लेखी उत्तर घ्यावं: पर्यायी सार्वजनिक पार्किंग आधी बांधल्याशिवाय एक फूटही बंद करणार नाही, याला तुम्ही बांधील आहात का?