चिकूच्या मुक्कामाबद्दल आपण केलेल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

कुत्री सांभाळणाऱ्या आमच्या केंद्राला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि मग मागचे पाय लुळे पडलेल्या आपल्या कुत्रीच्या, चिकूच्या, सहा दिवसांची नोंदवही समोर घेऊन बसलो. आपल्या तक्रारी तीन आहेत : तिच्या उजव्या खुब्यावर जखम झाली, तिला चालता यावे म्हणून आपण दिलेली चाकांची गाडी दिवसभर कोपऱ्यात पडून होती, आणि लघवी काढण्याचे म्हणून बिलात वेगळे पैसे लावले.

जखमेची चूक आमची आहे. मणक्यातील चकती सरकून मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्र्याला दबलेल्या भागाची कळ बऱ्याचदा जाणवत नाही, त्यामुळे झोपेत ते आपण होऊन कूस बदलत नाही. ती दर चार तासांनी बदलून देणे हे आमचे काम. चौथ्या रात्री गोदावरीला पूर होता आणि रात्रपाळीचा मुलगा पंचवटीतून वळसा घालून दीड वाजता पोहोचला. संध्याकाळच्या माणसाने जाताना कूस बदलली असेल असे त्याने धरून चालले आणि वही उघडून पाहिली नाही. वहीत रात्री दहानंतर थेट सकाळी सहाची नोंद आहे. सहा वाजता केस बाजूला केले तेव्हा खुब्याच्या हाडावर रुपयाएवढा लाल डाग होता आणि बोटाने दाबल्यावरही तो फिका पडत नव्हता. त्याच वेळी आपल्याला फोन करायला हवा होता; आम्ही मलम लावून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, ही दुसरी चूक. आता वहीत कूस बदलल्याची वेळ आणि सही पाहिल्याखेरीज कोणी पाळी सोडत नाही.

गाडीबाबत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. गाडीत चिकू खुशीत धावते हे खरे, पण त्यात तिला आडवे होता येत नाही, पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर ताण येतो आणि जांघेतले पट्टे घासतात. आपल्याच डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी वीस मिनिटे, असे लिहिले आहे आणि तेवढा वेळ ती अंगणात फिरली. आमचा माणूस सोबत नसताना आम्ही कोणत्याही कुत्र्याला गाडीत ठेवत नाही, कारण चाक उंबऱ्याला अडले की डॅशहंडसारखे लांब अंगाचे कुत्रे कलंडायला वेळ लागत नाही.

तिसरा मुद्दा पैशांचा आहे, पण मला त्यातली काळजीची बाजू अधिक महत्त्वाची वाटते. ‘चिकू आपोआप लघवी करते, उगाच पोट दाबता’ असे आपण लिहिले आहे. पहिल्या संध्याकाळी तिच्या खालचे पॅड ओले होते, तरीही पोटाला हात लावल्यावर मूत्राशय चेंडूसारखे टणक लागले, आणि हलक्या हाताने दाबल्यावर अर्धा पेलाभर लघवी निघाली. काठोकाठ भरलेल्या हौदातून पाणी सांडते, तसा हा प्रकार आहे : गादी भिजते, मूत्राशय मात्र रिकामे होत नाही. आत साचून राहिलेल्या लघवीत जंतुसंसर्ग होतो, तो मूत्रपिंडांपर्यंत जाऊ शकतो, आणि बाहेर ओघळलेल्या लघवीने कातडी भाजल्यासारखी लाल होते. पावसाळ्यात चादरी वाळत नसताना तर हा त्रास अधिकच. म्हणून आम्ही दिवसातून चार वेळा लघवी काढत होतो आणि प्रत्येक वेळी मांड्या पुसून कोरड्या करत होतो. याचे दिवसाला शंभर रुपये होतात, ते दाखल करतानाच्या अर्जावर लिहिलेले आहेत. परंतु आमच्याकडून कोणी तोंडी समजावून सांगितले नाही, हेही खरे.

लघवी काढण्याचे हे पैसे मी परत करणार नाही. चौथ्या रात्रीचे राहण्याचे पैसे आणि जखमेच्या ड्रेसिंगचा आजवरचा खर्च मात्र मी देईन, पावत्या पाठवाव्यात.

एक विनंती आहे. चिकू घरी आल्यापासून लघवी हाताने काढली जात नसेल, तर आजच डॉक्टरांना मूत्राशय तपासायला सांगावे आणि लघवीची तपासणीही करून घ्यावी. लघवी काढण्याची पद्धत त्यांच्याकडूनच, हात धरून शिकावी. चुकीच्या जागी जोर दिला तर इजा होते. आमच्याकडे शिकायचे असल्यास सकाळी अकराच्या आत चिकूला घेऊन या. त्याचे पैसे पडणार नाहीत.