म्हणे कबूल करा, दंड भरा आणि अपिलात सुटा!

‘किरकोळ केस असेल तर गुन्हा कबूल करा. दंड भरून त्याच दिवशी मोकळे! नंतर 30 दिवसांत अपील करून निर्दोष सुटता येतं. रेकॉर्डही राहत नाही.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याच्यावर पार्किंगच्या भांडणातली मारहाणीची केस आहे. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘मामा, अपील तर आहेच ना?’

नाहीये रे बाबा! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 416 उघडून बघ. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच 375 होतं, म्हणजे 1 जुलै 2024 ला काही नवीन आलेलं नाही. गुन्हा कबूल केल्यामुळे मॅजिस्ट्रेटनं किंवा सत्र न्यायालयानं दोषी ठरवलं, तर अपील फक्त शिक्षेपुरतं: ती जास्त आहे का, कायद्यात बसते का, एवढंच. ‘मी मारलंच नव्हतं’ हे अपिलात काढताच येत नाही. कोर्टात दोषारोप वाचून दाखवतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ विचारतात, तू ‘होय’ म्हणतोस, खाली सही करतोस. साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही. मग वरचं कोर्ट तपासणार काय, तुझी सही?

हां, कबुली धमकावून घेतली, किंवा आरोप न समजावता नुसतं ‘होय’ लिहून घेतलं, तर त्या कबुलीलाच वर आव्हान देता येतं. पण ते तुला दाखवून द्यावं लागतं. वकिलासमोर, समजून-उमजून ‘होय’ म्हणणाऱ्याला ही वाट जवळपास बंदच.

‘कबूल केलं की कोर्टाला केस तिथंच संपवावी लागते’ असंही पुढे ठोकून दिलंय. असं काही बंधन नसतं. 20 जुलै 2009 ला कसाबनं भर कोर्टात कबुली दिली, तरी न्यायाधीश ताहिलियानींनी खटला पुढे चालवलाच.

‘प्ली बार्गेनिंग’नं, म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षेबाबत कोर्टामार्फत रीतसर तडजोड करून केस मिटवली तर निकाल जवळपास अंतिमच. वर जायला हायकोर्टात रिट अर्ज किंवा सुप्रीम कोर्टाची विशेष परवानगी, एवढंच उरतं.

राहिलं रेकॉर्ड. दंड भरला तरी दोषसिद्धी ती दोषसिद्धीच. 1958 च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली कोर्टानं समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, तर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, इतपत मेसेजवाल्याचं खरं. पण ते दंड भरून आपोआप होत नाही. वकिलाला तसा अर्ज करायला सांग, आणि तोही शिक्षा सुनावण्याआधी.