बिस्किट, बुद्ध्यांक आणि सैंधव मीठ: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही महिने मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: तीन वर्षांच्या आत पाकिटातले अन्न खाणाऱ्या मुलाचा बुद्ध्यांक पंधरा गुणांनी कायमचा घसरतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे, तीन वर्षांनंतर मेंदूची वाढ थांबते, त्यामुळे हे नुकसान भरून निघत नाही, म्हणून कारखान्यातून आलेली प्रत्येक वस्तू, म्हणजे बिस्किटे, नूडल्स, आयोडिनयुक्त मीठ, लोहाचे औषध आणि अंगणवाडीचे पाकीट, घराबाहेर काढावी, त्याऐवजी सहाव्या महिन्यापासून सैंधव, गूळ, मध आणि गाईचे दूध द्यावे, कारण आपल्या पूर्वजांनी पाकिटे पाहिलीही नव्हती आणि तरी ते बुद्धिमान होते. असले संदेश मी एरवी पुसून टाकतो. परंतु माझ्या भाचीने हा संदेश वाचून घरातले मीठ बदलले आणि चौदा महिन्यांच्या मुलीचे लोहाचे औषध बंद केले. ती मुलीला अजून अंगावर पाजते, हे इथे महत्त्वाचे आहे. ‘मामा, उगाच रिस्क कशाला?’ असे तिचे म्हणणे. जोखीम होती ती बिस्किटात थोडीफार. तिने घेतली ती मिठात आणि औषधात, आणि ती पुष्कळच मोठी आहे.

ज्या ब्रिटिश संशोधनाचा हवाला नाव न घेता दिला आहे ते खरोखर झालेले आहे, एवढे मान्य करतो. ब्रिस्टल शहर आणि परिसरात १९९१-९२ मध्ये बाळंत होणार असलेल्या चौदा हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांची नोंद करून त्यांच्या मुलांचा पुढे वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. त्यांपैकी सुमारे चार हजार मुलांच्या आहाराबद्दलचा निबंध केट नॉर्थस्टोन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. मुले तीन, चार, सात आणि साडेआठ वर्षांची असताना त्यांच्या आयांनी खाण्यापिण्याच्या प्रश्नावल्या भरल्या, आणि साडेआठव्या वर्षी मुलांचा बुद्ध्यांक मोजला गेला. तिसऱ्या वर्षी ज्यांच्या आहारात चरबी, साखर आणि तयार खाद्यपदार्थ जास्त होते, त्यांचा बुद्ध्यांक पुढे किंचित कमी आढळला. हे ‘किंचित’ म्हणजे किती? अशा आहाराचे गुणांकन एका प्रमाण विचलनाने (म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, सरासरीपासून मुले साधारण किती दूर पसरलेली असतात त्याचे माप) वाढले, तर बुद्ध्यांकात १.६७ गुणांचा फरक. पंधरा नव्हे. पंधरा हा आकडा कुठून आला असावा याचा माझा अंदाज असा, की बुद्ध्यांक चाचणीचे प्रमाण विचलन पंधरा असते आणि संदेश लिहिणाऱ्याने ‘एक प्रमाण विचलन’ हे शब्द भलतीकडेच जोडले.

शिवाय, ‘घसरतो’ हे या निबंधातून निघतच नाही. बुद्ध्यांक एकदाच मोजला होता. आधी किती होता आणि मग किती उरला, अशी तुलना तिथे नाही. आईचे शिक्षण, घरची परिस्थिती, घरात मुलाशी होणारा संवाद हे घटक संशोधकांनी हिशेबात धरले होते, तरी ज्या घरात तीन वर्षांच्या मुलाला रोज तळलेले आणि गोड खायला मिळते, ते घर इतर अनेक बाबतींत वेगळे असते आणि तो सगळा वेगळेपणा कोणत्याही प्रश्नावलीत मावत नाही. म्हणून निबंध टाकाऊ ठरत नाही. त्याचे निष्कर्ष जेवढे आहेत तेवढेच सांगावेत, एवढाच आग्रह आहे.

तीन वर्षांनंतर दार बंद होते, या दाव्यात अर्धे सत्य आहे. दुसऱ्या वर्षापर्यंत मेंदूचे आकारमान प्रौढ मेंदूच्या ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचते, आणि ब्रिस्टलच्या निबंधातही चौथ्या-सातव्या वर्षाच्या ‘तयार’ आहारापेक्षा तिसऱ्या वर्षाच्या आहाराचाच संबंध टिकून दिसला. पण त्याच निबंधात साडेआठव्या वर्षी चांगला आहार घेणाऱ्या मुलांचा बुद्ध्यांक थोडा जास्त आढळला, हे वाक्य संदेशात नाही. आकारमान म्हणजे क्षमता नव्हे. मेंदूतील जोडण्यांची घडण विशीपर्यंत चालू असते. चार वर्षांच्या मुलाच्या आईला ‘आता वेळ गेली’ असे सांगणे निर्दयपणाचे आहे.

बिस्किटांची बाजू मी घेणार नाही. साध्या ग्लुकोज बिस्किटाचे पाकीट उलटून पाहावे: घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते आणि तिच्यात सुरुवातीलाच मैदा, साखर, पाम तेल ही नावे येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूचना, दोन्ही लहान बाळांना साखर आणि असे पदार्थ देऊ नका असेच सांगतात. मात्र आपल्याकडे त्याचे मुख्य कारण विष हे नसून जागा हे आहे. वर्षाच्या बाळाच्या पोटात एका वेळी वाटीभर अन्न मावते; ती वाटी चहात बुडवलेल्या चार बिस्किटांनी भरली, की अंडे, वरण, नाचणीची पेज, शेंगदाण्याचे कूट यांना जागा उरत नाही. त्यातला चहा तर अधिकच वाईट, कारण त्यातील टॅनिन अन्नातल्या लोहाचे शोषण रोखते. संदेशात बिस्किटावर पानभर मजकूर आहे आणि चहाबद्दल एक ओळही नाही. आमच्याकडे कित्येक घरांत बाळाला बशीतला चहा कौतुकाने पाजतात, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

आता मीठ. ‘आयोडीन हे केमिकल आहे, सैंधव नैसर्गिक आहे’ हे संदेशातील वाक्य सर्वांत जास्त पटलेले दिसते, आणि सर्वांत घातकही तेच आहे. गळ्यातली अवटू ग्रंथी (थायरॉइड) जे संप्रेरक (हार्मोन) तयार करते त्याचा आयोडीन हा अनिवार्य घटक आहे, आणि गर्भातल्या व तान्ह्या बाळाच्या मेंदूची घडण या संप्रेरकावर अवलंबून असते. सैंधव मिठात आयोडीन नगण्य असते. गुलाबी रंगाने आणि दुप्पट-तिप्पट किमतीने ते वाढत नाही. अन्नातले आयोडीन मूळ मातीतून येते आणि आपल्याकडच्या अनेक भागांतील मातीत ते पुरेसे नाही, म्हणून मिठाचा मार्ग निवडला गेला: मीठ सगळेच खातात, रोज खातात आणि जवळपास सारख्याच प्रमाणात खातात. दुकानात विकल्या जाणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे एका किलोत १५ मिलिग्रॅम, आयोडीन असावे लागते. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अन्नात मीठ घालू नये हे खरेच आहे; पण म्हणूनच आईच्या ताटातले मीठ अधिक महत्त्वाचे ठरते, कारण अंगावर पिणाऱ्या बाळाला आयोडीन मिळते ते आईच्या दुधातून.

आणि इथे तेच ब्रिस्टल पुन्हा आडवे येते. त्याच अभ्यासातील सुमारे हजार मातांचे गरोदरपणाच्या सुरुवातीचे लघवीचे नमुने जपून ठेवलेले होते. सरे विद्यापीठाच्या सारा बाथ आणि मार्गारेट रेमन यांनी सहकाऱ्यांसह त्यांतले आयोडीन मोजले आणि २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले: ज्या मातांमध्ये आयोडीन कमी होते, त्यांच्या मुलांचा आठव्या वर्षीचा शाब्दिक बुद्ध्यांक सर्वांत खालच्या चतुर्थांशात असण्याची शक्यता लक्षणीयरीत्या अधिक होती. ब्रिटनमध्ये आपल्यासारखे आयोडिनयुक्त मिठाचे बंधन नाही. तिथले आयोडीन मुख्यतः दुधातून येते. म्हणजे ज्या मुलांच्या नावाने मिठाचे पाकीट फेकायला सांगितले जाते, त्याच मुलांच्या आयांना आयोडीन कमी पडल्याचे परिणाम नोंदलेले आहेत. ही उणीव तीव्र असेल तर काय होते, हेही मोजलेले आहे. ब्लाइक्रॉट आणि बॉर्न यांनी १९९४ मध्ये अठरा अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आयोडीनची उणीव असलेल्या आणि नसलेल्या समूहांत १३.५ गुणांचा फरक निघाला. एका घराने महिनाभर सैंधव वापरले म्हणून तेरा गुण जात नाहीत. तसे म्हणणे म्हणजे त्या संदेशाचीच रीत गिरवणे होईल. परंतु एका बाजूला १.६७ आणि दुसऱ्या बाजूला १३.५ असताना, पहिल्याच्या भीतीने दुसऱ्याचे संरक्षण काढून टाकायचे, याला काय म्हणावे? उपवासाला सैंधव जरूर वापरावे. रोजच्या भाजी-आमटीत, आणि गरोदर किंवा पाजणारी बाई असलेल्या घरात तर नक्कीच, आयोडिनयुक्त मीठच हवे.

लोहाच्या औषधाबद्दल संदेश म्हणतो की ते दिल्यावर बाळाची शी काळी होते, म्हणजे ‘शरीर विष बाहेर टाकते’. न शोषलेले लोह शीतून बाहेर पडते आणि तिला काळपट रंग येतो; यापलीकडे त्यात काही नाही. आशाताई देतात ते सिरप सहा महिने ते पाच वर्षे वयासाठी आठवड्यातून दोनदा एक मिलिलीटर इतके द्यायचे असते आणि त्यात २० मिलिग्रॅम लोह असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील या वयाची जवळपास ६९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली, आणि लहान वयातील लोहाची कमतरता मुलांच्या शिकण्यावर व लक्ष देण्यावर परिणाम करते, हे बालरोगतज्ज्ञ कित्येक वर्षे सांगत आहेत. गुळाने ही तूट भरत नाही. त्यातले लोह तुटपुंजे असते, त्याचे शोषण कमी, आणि बाळाच्या पोटात मुख्यतः जाते ती साखरच. बिस्किट बंद करून गुळाचा खडा हातात देणाऱ्याने नेमके काय साधले?

मध आणि गाईचे दूध यांवर फार लिहिण्याची गरज नाही. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, चाटवायचासुद्धा नाही: त्यात बोटुलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढून लकवा येऊ शकतो. याच वयात आईच्या दुधाऐवजी गाईचे दूध मुख्य पेय केले, तर लोह आणखी घटते.

अंगणवाडीच्या पाकिटाच्या चवीबद्दल तक्रारी आहेत आणि त्या अनेकदा रास्त असतात. पण पाकिटातले म्हणून मेंदूला घातक, हे म्हणणे इतिहासालाच धरून नाही. ग्वाटेमालातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात पोषणाचा एक प्रसिद्ध प्रयोग झाला. दोन खेड्यांतील मुलांना जे पेय मिळे ते कारखान्यात मिसळलेले प्रथिनयुक्त पीठ, दुधाची भुकटी आणि साखर यांचे होते, आणि ज्यांना ते अगदी लहानपणी मिळाले ती मोठेपणी वाचनाच्या चाचण्यांत बाकीच्या दोन खेड्यांतील मुलांपेक्षा पुढे राहिली. भुकेल्या मुलाच्या पोटात प्रथिने आणि उष्मांक गेले, एवढे त्याचे कारण.

राहता राहिले पूर्वज. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात पाकिटे नव्हती, नूडल्स नव्हत्या, मीठही साधेच होते, आणि तिथे गावेच्या गावे गळ्यावर गलगंड, म्हणजे आयोडीनच्या उणिवेने सुजलेली अवटू ग्रंथी, घेऊन जगत होती. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून तिथल्या सुमारे एक लाख लोकवस्तीचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीन घातलेले मीठ दिले, तिसऱ्याला साधेच. पहिल्या दोन विभागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे उतरले, तेव्हा तिसऱ्यालाही तेच मीठ देण्यात आले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो याच अनुभवाच्या आधारावर. साध्या, म्हणजे आयोडीन नसलेल्या, खाद्य मिठाच्या विक्रीवरची बंदी २००० मध्ये केंद्राने उठवली होती. त्या वेळीही ‘नैसर्गिक’ आणि ‘निवडीचे स्वातंत्र्य’ हेच शब्द पुढे केले गेले, आणि २००६ मध्ये बंदी पुन्हा लागू करावी लागली.