दमण, फ्रेडरिकशावन आणि काकांचं परमिट

दारूबंदी असलेल्या गुजरातेत, गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या कंपन्यांच्या नव्या वसाहतीत जेवणासोबत दारू पिण्याची मुभा सरकारने 2023 च्या डिसेंबरात दिली, तेव्हापासून आमच्या बडोद्याच्या गोतावळ्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो, आता हे बडोद्यातही येऊ दे. दुसरा म्हणतो, गांधींच्या गुजरातेत असले चाळे नकोत. भांडण रंगलं की कोणीतरी मला मध्ये ओढतंच. "तू तिकडे राहतेस, तूच सांग." तिकडे म्हणजे स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला. विचारणाऱ्याला माझं उत्तर आधीच ठाऊक असतं: तिकडे सगळं खुलं आहे आणि तरी कोणाचं काही बिघडत नाही. ते मला म्हणता येत नाही, कारण इथे सगळं खुलं नाहीच.

साडेतीन टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेली बाटली दुकानातून घरी न्यायची, तर स्वीडनमध्ये दुकान एकच, आणि ते सरकारचं. नाव सिस्टमबोलागेट. शनिवारी दुपारी तीनला शटर पडतं ते सोमवारी उघडतं. वीस वर्षांखालच्याला तिथे काही मिळत नाही (बारमध्ये बसून प्यायला मात्र अठरा चालतात, हे कोडं मला अजून कोणी सोडवून दिलेलं नाही). पंचविशीच्या आतले दिसलात की ओळखपत्र काढा. बियर थंड करून ठेवलेली नसते. दुकानाबाहेर पडल्या पडल्या कोणी झाकण उडवू नये म्हणून. दोनावर एक फुकट नाही, सणासुदीची सूट नाही. कोणी आधीच झोकांड्या खात आला तर काउंटरवरची मुलगी हसतमुखाने त्याला परत पाठवते. आई पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा कुतूहलाने तिथे आली होती. शुक्रवार संध्याकाळची रांग तिने डोळे भरून पाहिली आणि म्हणाली, "अगं, हे तर रेशनचं दुकान!"

आईला माहीत नव्हतं, पण इथे दारूचं खरोखरच रेशन होतं. 1955 पर्यंत स्वीडिश माणसाकडे पासबुकासारखी एक वही असे. बाटली घेतली की वहीत शिक्का. महिन्याला किती मिळणार हे त्याची मिळकत, घरदार, वागणूक बघून ठरे. लग्न झालेल्या बाईला सहसा वही मिळतच नसे. नवऱ्याच्या वहीत तिचंही आलं, असं सरकार धरून चालत असे.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले, कारण अशी वही मी आमच्या घरात पाहिली होती. धाकट्या काकांचं हेल्थ परमिट. गुजरातेत चाळिशी ओलांडलेल्या माणसाला प्रकृतीच्या कारणाने दारू पिण्याचा परवाना मिळू शकतो. अर्ज, डॉक्टरी तपासणी, फी, आणि मग वयाच्या हिशेबाने महिन्याचे ठरलेले 'युनिट'. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी हे सगळे सोपस्कार यथासांग केले. त्यांना नेमका काय आजार होता ते घरात कोणालाही कळलं नाही, काकूलाही नाही.

दांडिया बाजारातल्या आमच्या घरात शनिवारची संध्याकाळ अशी असायची: गोदरेजच्या कपाटात लोकरीच्या कपड्यांखालून बाटली निघायची. काचेचा ग्लास नाही, स्टीलचा पेला, म्हणजे अचानक कोणी आलंच तर आत काय आहे ते दिसू नये. रस्त्याकडची खिडकी लागायची. काकू वाटीत खारे शेंगदाणे ठेवून जी जायची ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. परमिट कायदेशीर, दुकान कायदेशीर, बाटली कायदेशीर. पण खिडकी मात्र लावायची. आणि खरी पंचाईत पुढे असायची, रिकाम्या बाटलीची. काकू ती बादलीत भिजत घालून नखाने लेबल खरवडायची. तरी आकार लपत नाही. भंगारवाल्याला द्यावी तर तो पिशवीत हात घालून चार घरांना ऐकू जाईल असं खणखणवणार. शेवटी काका ती जुन्या पंचात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकायचे आणि कारेलीबागेच्या पलीकडे कुठेतरी विसर्जन करून यायचे.

इथे आमच्या इमारतीखाली काच टाकायचे दोन मोठे डबे आहेत, रंगीत काचेचा वेगळा, पांढऱ्याचा वेगळा. बाटली आत पडली की असा खळ्ळकन आवाज होतो की तिसऱ्या मजल्यावर ऐकू यावा. सुरुवातीला मी अंधार पडल्यावर जायचे. एकदा भर दुपारी गाठ पडली ती शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंशी. हातात भरलेली पिशवी. एकेक बाटली आत सोडत त्या माझ्याशी ट्यूलिपच्या कंदांबद्दल बोलत होत्या. काका त्या जागी असते तर बाईंच्या चारित्र्याबद्दल त्यांचं मत तिथल्या तिथे झालं असतं.

पुण्याचे मामेभाऊ या गोष्टींवर फार हसतात. त्यांना आठवण करून द्यावी लागते की कायदा एकच आहे, 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. 1960 मध्ये राज्यं वेगळी झाली आणि दोघांनी आपापली प्रत घरी नेली. महाराष्ट्रातही कागदोपत्री प्यायला परवाना लागतो, आणि व्हिस्कीसाठी पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. विसाव्या वर्षी कॉलेजच्या गच्चीवर केलेल्या पराक्रमांचं काय ते मामेभावांनी ठरवावं. फरक इतकाच की महाराष्ट्राने कायदा कपाटात ठेवला आणि गुजरातने भिंतीवर टांगला.

माझी स्वतःची सुरुवात झाली गुजरातला लागून असलेल्या पण दारू खुली असलेल्या दमणला, बडोद्याच्या निम्म्या पोरापोरींची होते तशी. कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, केमिकलच्या शेवटच्या वर्षाला होते. पहाटेची गाडी पकडून वापी, तिथून रिक्षा. समुद्रासमोरच्या एका बारमध्ये आम्ही अकराच्या सुमाराला बसलो आणि मुलांनी जे सुरू केलं त्याला पिणं म्हणणं कठीण. संध्याकाळची गाडी गाठायची होती, बाटली सोबत नेणं शक्य नव्हतं (चेकनाक्यावर बॅगा उघडतात), म्हणून पैसे वसूल होईपर्यंत ढोसायचं. मी अर्धा ग्लास बियर प्यायले. कोमट आणि कडू. उरलेली माझ्या शेजारच्याने मला न विचारता संपवली, वाया जाऊ नये म्हणून. परतताना वास लपवायला सगळ्यांच्या तोंडात मूठमूठ वरियाळी, म्हणजे बडीशेप, आणि वापीच्या फलाटावर एकाने ती वरियाळी आणि बाकी सगळं बाहेर काढलं. त्या दिवशी कोणालाही चव लागली नव्हती, फक्त मुदत लागली होती.

आता मोठेपणाने सांगावं की स्वीडिश लोक असं करत नाहीत, तर गोथेनबर्गहून डेन्मार्कच्या फ्रेडरिकशावनला जाणारी बोट माझं तोंड बंद करते. डेन्मार्कमध्ये दारू स्वस्त. लोक सकाळी जातात, ट्रॉलीवर कमरेपर्यंत बियरचे खोके रचून संध्याकाळी परततात, आणि परतीच्या बोटीवर आपल्या वापीच्या फलाटाचीच कळा असते. फिनलंडचे लोक याच कामासाठी टॅलिनला जातात. नॉर्वेचे तर आमच्याकडे येतात! जिथे बाटली महाग किंवा अवघड, तिथे शेजारी एक दमण उभं राहतंच. चोरटेपणा आणि अधाशीपणा हा काही गुजरातचा खास दोष नाही.

मग फरक कुठे पडतो? माझ्या मते तो पोटलीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत चोरून विकल्या जाणाऱ्या गावठी दारूत पडतो.

1989 साली बडोद्यात लठ्ठाकांड झालं, म्हणजे विषारी दारूचे बळी. शंभराहून जास्त माणसं गेली. मी शाळकरी होते. मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती आणि आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या शांताबेन कामाला येत नव्हत्या, एवढंच कळलं. त्यांचा धाकटा दीर त्यात गेला होता. पुढे 2009 मध्ये अहमदाबादला पुन्हा शंभरावर, 2022 मध्ये बोटादला चाळीसहून जास्त. दरवेळी कारण तेच, मिथेनॉल. कारखान्यात लागणारं रसायन. दिसायला, वासाला इथेनॉलसारखंच. यकृतातलं जे एन्झाइम इथेनॉल पचवतं तेच मिथेनॉललाही हात घालतं आणि त्याचं शेवटी फॉर्मिक आम्ल होतं. डोळ्यांच्या नसा जातात, मग माणूस जातो. यावरचा एक जुना उतारा म्हणजे चांगलं इथेनॉल पोटात घालणं: एन्झाइम त्यात गुंतून राहतं आणि मिथेनॉल तसंच शरीराबाहेर पडतं. वर्गात हे शिकले तेव्हा मला शांताबेनचा दीर आठवला होता. दारूने मेला म्हणून जो गावभर बदनाम झाला, त्याला कदाचित दारूनेच वाचवलं असतं.

आणि हे मी कुठल्या गावात शिकत होते? ज्या कलाभवनात बसून शिकले ते सयाजीरावांच्या काळात, 1890 मध्ये प्रा. गज्जरांनी उभं केलं. त्याच गज्जरांनी कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासोबत 1907 मध्ये अलेम्बिक काढली, आणि त्या कारखान्याची सुरुवात टिंक्चर आणि अल्कोहोल बनवण्यापासून झाली. शुद्ध अल्कोहोल कसं करायचं हे बडोद्याला शंभर वर्षांहून जास्त काळ पाठ आहे. पोटली पिणाऱ्यापर्यंत ते पोचलं नाही, बस.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी दारूबंदी उठवायच्या बाजूची. बऱ्याच अंशी आहेही. मी स्वतः पिते, जेवणाबरोबर वाइनचा एखादा ग्लास; त्याबद्दल मला ना लाज ना कौतुक. पण शांताबेनशी बोलल्यापासून माझा आवाज जरा उतरलाय. गेल्या दिवाळीत बडोद्याला गेले होते तेव्हा त्या भेटायला आल्या. नवरा अजून पितो. दीर डोळ्यांदेखत गेला तरी पितो. मी माझं परदेशी ज्ञान पाजळलं: दुकान उघडं असतं तर विष तरी मिळालं नसतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बेन, आजे छुपाईने पीए छे. छूट थशे तो सामे बेसीने पीशे." आज चोरून पितो म्हणून बाहेरच्या बाहेर पितो, मोकळीक झाली तर घरात माझ्यासमोर बसून पिईल. दारूबंदीमुळे नवऱ्याची दारू सुटली नाही, पण रोजचे दोन तास त्यांना घर मिळतं.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि स्वीडनकडेही नव्हतं, निदान 1922 मध्ये. त्या वर्षी इथे संपूर्ण दारूबंदीवर सार्वमत झालं. बंदी थोडक्यात हरली, एक्कावन्न विरुद्ध एकोणपन्नास टक्के. पण बायकांची आणि पुरुषांची मतं वेगळी मोजली होती. बहुसंख्य पुरुषांनी बंदी नको म्हटलं, बहुसंख्य बायकांनी हवी म्हटलं. शांताबेन त्या सार्वमतात बसल्या असत्या तर कुठल्या रांगेत, ते सांगायला नको. आमच्या भांडणात "स्त्रियांचा दारूबंदीला पाठिंबा असतो" हे वाक्य जो तो भावनिक म्हणून उडवून लावतो. मला ते रोखठोक हिशेबाचं वाटतं. पिणारा घरी येऊन हात उचलतो तेव्हा पोलीस येणार नाहीत हे बाईला माहीत असतं; बाटली पकडायला तरी येतील एवढीच तिची आशा. मारहाणीचा फोन उचलला जाईल याची सोय होत नाही तोवर तिला "व्यक्तिस्वातंत्र्य" ऐकवायचा मला तरी धीर होत नाही.

म्हणूनच गिफ्ट सिटीची मुभा मला सगळ्यात वाईट वाटते, बंदीपेक्षाही आणि मोकळिकीपेक्षाही. काचेच्या इमारतीत काम करणाऱ्याला परवाना, त्याच्या पाहुण्यालाही मुभा. आमच्या काकांना परमिट. 2016 मध्ये बडोद्याबाहेरच्या एका फार्महाऊसवर धाड पडली आणि अडीचशेच्या आसपास प्रतिष्ठित मंडळी पकडली गेली, तेव्हा अख्खं शहर महिनाभर चवीने बोलत होतं, कारण असं सहसा घडत नाही. एकतीस डिसेंबरला रस्त्यावर 'पीधेला' (प्यायलेला) म्हणून धरला जातो तो बहुतेक स्कूटरवरचाच. ज्याच्याकडे कागद त्याला स्कॉच, ज्याच्याकडे नाही त्याला पोटली. अशी मुभा वाढवत नेली तर बडोद्यातही दोन हॉटेलं सुटतील आणि शांताबेनच्या वस्तीत काहीच बदलणार नाही.

मला विचाराल तर कंटाळवाणं सरकारी दुकान हवं. महाग, लवकर बंद होणारं, जाहिरात नसलेलं, आणि सगळ्यांसाठी एकच. इथे तेही आता किंचित सैल होतंय: 2025 च्या जूनपासून छोट्या उत्पादकांना आपल्या शेतावरून बाटली विकता येते, पण गिऱ्हाईकाने आधी तिथली फेरी मारायची किंवा व्याख्यान ऐकायचं अशी अट आहे. हे ऐकून पुण्याचा मामेभाऊ म्हणाला, ही अट आमच्याकडे सहज पाळली जाईल.

काकांना मात्र माझी योजना मुळीच पसंत नाही. आता ऐंशीच्या घरात आहेत, परमिट दरवेळी वेळेवर नूतनीकरण करतात. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सरकारी दुकान? आणि काउंटरवर आपल्याच रावपुऱ्यातला कोणाचा तरी जावई बसणार. मी सहाला बाटली घेतली की सातला तुझ्या काकूच्या भजनीमंडळाला कळणार. तुझं स्वीडन तुझ्याजवळच ठेव."

काकू मागून म्हणत होती की भजनीमंडळाला वीस वर्षांपासून माहीत आहे.