हीथ लेजरला जोकरनं मारलं नाही

इंदूरच्या हौशी मराठी नाटकमंडळींनी एखादं खलपात्र तालमीला घेतलं, की आठवड्याभरात ग्रुपवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. वर 'द डार्क नाइट' या बॅटमॅनपटातल्या जोकर या खलनायकाचा फोटो आणि खाली मजकूर: "या नटानं भूमिकेसाठी महिनाभर स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. जोकर अंगात शिरला तो निघालाच नाही. जॅक निकल्सननं सावध केलं होतं. स्फोट फसला तरी हा भूमिकेतच. शेवटची भूमिका, आणि मेला म्हणून ऑस्कर. याला म्हणतात अभिनय!" त्याखाली जोडलेल्या हातांची रांग.

हा जोकर करणाऱ्या हीथ लेजरचं काम अंगावर काटा आणणारं आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण हा मजकूर कौतुक करतो ते मरणाचं, आणि कारागिरी बाजूलाच राहते. त्यातून पोरं रंगभूषेचा आणि आवाजाचा अभ्यास टाकून जागरणं करू लागतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी मृत्यू. लेजर २२ जानेवारी २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये गेला, वय २८. तिथल्या वैद्यकीय परीक्षकांनी ६ फेब्रुवारीला निष्कर्ष जाहीर केला: सहा औषधांच्या एकत्रित परिणामामुळे अपघाती मृत्यू. ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही अफूवर्गीय वेदनाशामकं. डायझेपाम, टेमाझेपाम, अल्प्राझोलाम ही शामक गटातली. सहावं डॉक्सिलामाइन, झोप आणणारं ॲलर्जीविरोधी औषध. हे नीट समजून घ्या, कारण अल्प्राझोलाम आपल्याकडेही कित्येक घरांतल्या औषधांच्या डब्यात असतं. अफूवर्गीय औषध मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंद करतं, शामकं ती गुंगी आणखी खोल करतात. डायझेपामचा अंश शरीरात कित्येक दिवस रेंगाळतो, त्यामुळे 'कालची गोळी उतरली असेल' हा हिशेब चुकतो. प्रत्येक गोळी वेगवेगळी पाहिली तर साधी वाटते, घात एकत्र घेण्यात आहे. हे दोन गट एकत्र घेण्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ साली सर्वांत कडक इशारा औषधांच्या माहितीपत्रकात छापायला लावला.

मग तो झोपत नव्हता, हे खोटं का? खरं आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये त्यानं स्वतःच एका मुलाखतीत सांगितलं होतं, की आठवडाभर रात्री सरासरी दोन तास झोप लागली, शरीर थकलं तरी डोकं थांबत नाही. मेसेजवाल्यांचा सगळा भार या एका कबुलीवर. पण मिशेल विल्यम्सनं, म्हणजे त्याच्या मुलीच्या आईनं, सांगितलं आहे की तिच्या ओळखीपासूनच त्याला निद्रानाशाचे झटके येत. आणि मेला तेव्हा तो जोकर करत नव्हताच. डिसेंबर २००७ पासून लंडनमध्ये दिग्दर्शक टेरी गिलियमच्या 'द इमॅजिनेरियम ऑफ डॉक्टर पार्नासस'चं काम चालू होतं, थंड, ओलसर रात्रींचं बाहेरचं चित्रीकरण. सहनट क्रिस्टोफर प्लमर यांच्या म्हणण्यानुसार सगळ्यांनाच सर्दी झाली, लेजरची मात्र हटली नाही. त्यांना न्यूमोनियाची शंका होती. छाती भरलेली, झोप नाही आणि वर गोळ्या. यात जोकर कुठे आला?

'शेवटची भूमिका' हा मुद्दाही इथेच निकालात निघतो. शेवटची होती ती पार्नाससमधली टोनीची. ती अर्धवट राहिली आणि जॉनी डेप, ज्यूड लॉ, कॉलिन फॅरेल या तिघांनी मिळून पुरी केली. फार तर जोकर ही त्यानं पूर्ण केलेली शेवटची भूमिका म्हणा.

लेजरच्या आधी पडद्यावर जोकर केलेल्या निकल्सनचा इशारा? बातमी ऐकून तो "मी सावध केलं होतं" असं म्हणाला हे खरं. नंतर त्यानंच खुलासा केला, की बोलणं एका झोपेच्या गोळीबद्दल होतं. फॉरवर्ड करणाऱ्यांना हा खुलासा कधी सापडत नाही.

आता ती खोली. लंडनच्या हॉटेलात महिनाभर एकटा बसल्याचं लेजरनंच सांगितलं. करत काय होता? आवाज शोधत होता, हसण्याचे प्रकार करून पाहत होता, वही भरत होता. आपल्याकडे याला पाठांतर आणि तालीम म्हणतात. वडील किम लेजर यांनी २०१२ च्या एका जर्मन माहितीपटात ती वही दाखवली: तरसांचे फोटो, पत्त्यांतला जोकर, पात्राला कशाकशाचं हसू येईल याची यादी. शेवटच्या पानावर 'बाय बाय'. मेसेजच्या दुसऱ्या एका अवतारात हाच मृत्यूचा संकेत ठरतो! वडिलांच्या सांगण्याप्रमाणे चित्रीकरण संपल्यावर त्यानं ते लिहिलं, म्हणजे पात्राला रीतसर निरोप दिला. आणि ही भूमिका करताना आपल्याला सर्वाधिक मजा आली, असं तोच म्हणाला होता.

फसलेल्या स्फोटाची गोष्ट तर हास्यास्पद आहे. चित्रपटात जोकर रिमोटनं हॉस्पिटल उडवतो, स्फोट मधेच थांबतात आणि पुन्हा सुरू होतात, तो हा प्रसंग. ती इमारत शिकागोतल्या ब्रॅक मिठाई कंपनीची, रिकामी पडलेली. ती खरीखुरी पाडायची होती, दुसरा टेक अशक्य. अशा जागी सुरुंग फसला तर नटानं रिमोट बडवत तिथेच उभं राहावं, असं कुणी चालवून घेईल का? स्फोटांमधला तो थांबा क्रमातच आखलेला होता. त्या अवधीत त्याला चालत बसपर्यंत सुरक्षित पोचायचं होतं, आणि त्याची तालीम झालेली होती. आखलेली गोष्ट अवचित घडल्यासारखी दिसली, हे त्याचं यश.

ऑस्कर मेला म्हणून? अभिनयाचं ऑस्कर मरणोत्तर मिळालेले दोनच: पीटर फिंच १९७७ मध्ये आणि लेजर २००९ मध्ये. जेम्स डीनला मरणोत्तर दोनदा नामांकन होतं, मिळालं नाही. चॅडविक बोसमनलाही २०२१ मध्ये नाही. सहानुभूती एवढी चालली असती तर यादी लांब असती.

आता ज्याबद्दल मेसेज अवाक्षर काढत नाही ते. जोकरच्या गालावरचे व्रण म्हणजे सिलिकॉनचे तीन तुकडे, तासाभराच्या आत बसवले जाणारे. बोलताना ओठांजवळची कड सैल व्हायची. उच्चार-प्रशिक्षक जेरी ग्रेनेल यांनी सांगितलं आहे, की ती जागेवर ठेवायला लेजर ओठ चाटायचा. तीच लकब पुढे पात्राची झाली, आणि प्रेक्षकाला त्या जिभेची किळस वाटते. अडचणीला पात्राची सवय करून टाकणं, हे शिकण्यासारखं आहे.

रंगाचीही युक्ती साधी आहे. दिग्दर्शक नोलननं चित्रकार फ्रान्सिस बेकनची चित्रं दाखवली होती. रंगभूषाकार जॉन कॅलिओनी लेजरला भुवया चढवून, चेहरा आक्रसून धरायला लावायचा आणि तशाच चेहऱ्यावर पांढरा रंग द्यायचा. चेहरा सोडला की सुरकुत्यांच्या तळाशी कातडीच्या रेघा कोऱ्या राहायच्या. रंग जुना, झोपेतच फासलेला वाटतो तो त्यामुळे.

आपल्या इंदूरच्या रवींद्र नाट्यगृहात हे करायचं तर चेहरा आक्रसलेला असतानाच ओलसर स्पंजनं पांढरा पॅनकेक (पाण्यानं लावायचा मुखरंग) थोपटा, पुसू नका, पुसला की रंग घड्यांत शिरतो. चेहरा सोडल्यावर आधी वाळू द्या. घाईनं पावडर मारली की रेघा बुजतात आणि सर्कशीतला विदूषक उरतो. व्रणासाठी लेटेक्सचे, म्हणजे द्रवरूप रबराचे, पातळ तीन-चार थर, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. कडा मधल्या भागापेक्षा पातळ ठेवा, जाड कड तिसऱ्या रांगेतूनही दिसते. चिकटवायला स्पिरिट गम (रंगभूषेचा डिंक) लावला की लगेच दाबू नका. बोट लावून चिकट ताण जाणवला की मग दाबा. ओठाच्या कोपऱ्यापासून थोडं अंतर सोडा, लाळेनं गम सुटतो. मे महिन्यात घामानं तर सुटतोच, म्हणून विंगेत गमची बाटली आणि टिपकागद हवाच. कोपराच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशी लावून पाहिल्याशिवाय तोंडाला लेटेक्स लावू नका.

आवाजात आपल्याकडची खलपात्रं पहिल्याच वाक्याला टिपेला जातात. जोकर ओरडतो फार कमी. एकाच वाक्यात सूर वर चढतो, मधेच घसरतो, आणि पुढचा शब्द कुठे पडेल हे ऐकणाऱ्याला कळत नाही. व्रण कसे पडले याच्या तो दोन वेगळ्या कहाण्या सांगतो, एकीत बाप, दुसरीत बायको. दोन्ही तितक्याच मनापासून. चौकशीच्या प्रसंगात त्याच्या बोलण्यापेक्षा ऐकण्याकडे लक्ष द्या. मार खातानाही तो समोरच्याकडे असा पाहतो, जणू चौकशी तोच करतोय.